बहरातला बर्फ: न्यू इंग्लंडच्या डोंगरांतील उशिराची हिमवादळे

अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातल्या सहा राज्यांना मिळून न्यू इंग्लंड म्हणतात: मेन, न्यू हॅम्पशायर, व्हरमाँट, मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड आणि कनेटिकट. हिवाळ्यात इथे हिमवादळे येतात याचे कुणाला अप्रूप नाही. मात्र काही वर्षांनी एकदा, मेपल आणि बर्चला पालवी फुटलेली असते, सफरचंदाच्या बागा बहरात येऊ लागलेल्या असतात, आणि अशा वेळी एप्रिलच्या अखेरीस किंवा थेट मे महिन्यात इथल्या डोंगराळ भागात घोटाभर, क्वचित गुडघाभर बर्फ साचतो. तो दोन दिवसांत वितळून जातो. तेवढ्या वेळात झाडे मोडतात, विजेच्या तारा तुटतात आणि हवामानाच्या नोंदवहीत पन्नास-पन्नास वर्षे टिकणारे आकडे लिहिले जातात.

इथले डोंगर फारसे उंच नाहीत, ही गोष्ट आधीच सांगायला हवी. हिमाचल प्रदेशातली रोहतांग खिंड जवळजवळ ४,००० मीटर उंचीवर आहे. तिथे मे महिन्यात बर्फ पडला तर स्थानिक माणूस फार तर रस्ता बंद झाला म्हणून कुरकुरेल. व्हरमाँटचे सर्वोच्च शिखर माउंट मॅन्सफील्ड मात्र जेमतेम १,३३९ मीटर आहे, म्हणजे महाबळेश्वरच्या पठाराइतके आणि कळसूबाईपेक्षा ३०० मीटरने ठेंगणे. मध्य मॅसॅच्युसेट्सच्या टेकड्यांवरचे वूस्टर शहर घ्या. तिथल्या विमानतळाची उंची सुमारे ३०७ मीटर, म्हणजे आपल्या नागपूरएवढी. अक्षांश ४२ च्या आसपास असल्यामुळे हिवाळा कडक असतो हे खरे, पण मेच्या दुसऱ्या आठवड्यात बोस्टनचे दुपारचे तापमान सरासरीने १७-१८ अंश सेल्सिअस असते. एवढ्या कमी उंचीवर, एवढ्या उबदार ऋतूत बर्फ पडून साचतोच कसा, हा खरा प्रश्न आहे. (न्यू हॅम्पशायरचे १,९१७ मीटर उंचीचे माउंट वॉशिंग्टन या प्रश्नातून वगळावे. तिथे मे हा हिवाळ्याचाच महिना असतो. १९९७ च्या मे महिन्यात त्या शिखरावर सुमारे ९६ इंच बर्फ पडला होता.)

उत्तराची सुरुवात आकाशात साडेपाच किलोमीटर उंचीवर होते. हिवाळ्यात वरच्या थरातला पश्चिमेकडून वाहणारा वेगवान जेट प्रवाह जोरात असतो आणि ध्रुवाकडची थंड हवा त्याच्या उत्तरेला कोंडलेली राहते. वसंतात हा प्रवाह सैल पडतो, वळणे घेऊ लागतो. एखादे वळण इतके खोल जाते की त्याच्या पोटातला थंड हवेचा गोळा मूळ प्रवाहापासून तुटतो आणि दक्षिणेला एकटाच घुटमळत राहतो. वेधशाळेतले लोक याला ‘कट-ऑफ लो’ म्हणतात. मुख्य प्रवाहापासून तुटलेले हे कमी दाबाचे क्षेत्र दोन-दोन, तीन-तीन दिवस एकाच प्रदेशावर फिरत राहते आणि कुठे सरकेल याचा नेम नसतो. त्याच्या मध्याशी, वरच्या थरात, मे महिन्यातही उणे २५ अंशांच्या आसपास तापमान असू शकते. खाली अटलांटिकवरून बाष्प मिळाले आणि किनाऱ्याजवळ जमिनीलगत कमी दाबाचे केंद्र तयार झाले, की पावसाची सगळी सिद्धता होते.

पावसाची, बर्फाची नव्हे. कारण खालचा हजारभर मीटर जाडीचा हवेचा थर अजून तीन-चार अंशांवर असतो. मध्य अक्षांशांतला बराचसा पाऊस ढगात हिमस्फटिक म्हणूनच जन्मतो आणि खाली येताना वितळतो. जानेवारीत त्याला वितळायला जागा मिळत नाही. मे महिन्यात ती भरपूर मिळते. उशिराचा हिमपात व्हायचा तर हा शेवटचा उबदार थर कुणीतरी थंड करायला हवा. ते काम वादळ स्वतःच करते, आणि या प्रकरणात सगळ्यांत लक्षपूर्वक पाहण्याजोगी बाब तीच आहे.

एक ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते. हा अप्रकट उष्मा वितळणारा हिमकण आजूबाजूच्या हवेकडून घेतो. रिमझिम असेल तर परिणाम नगण्य. पण १० मिलिमीटर पाण्याइतके हिम एखाद्या थरातून जाताना पूर्ण वितळले, तर एक किलोमीटर जाडीचा तो थर साधारण पावणेतीन अंशांनी थंड होतो. साधे गणित आहे: एका चौरस मीटरवरच्या त्या हवेच्या स्तंभाचे वजन सुमारे १,२०० किलो भरते आणि १० किलो बर्फ वितळवण्यात तिची तेवढी उष्णता खर्ची पडते. त्यात हवा सुरुवातीला कोरडी असेल तर बाष्पीभवनाची भर पडते. माठातले पाणी गार होते तशीच ही हवा पहिल्या तासाभरात पडणाऱ्या थेंबांच्या बाष्पीभवनाने गार होते. परिणामी वरून खाली शून्य अंशांचा पट्टा उतरू लागतो. जोराचा वर्षाव तीन-चार तास टिकला आणि बाजूने नवी उबदार हवा आत शिरली नाही, तर तो पट्टा जमिनीला टेकतो आणि पावसाचे हिम होते.

या दोन अटींवर सगळे अवलंबून आहे. वर्षाव जोराचा हवा, कारण मंद वर्षावाने होणारा गारवा सूर्य आणि वारा पुसून टाकतात. वारा मात्र उबदार बाजूचा नको. म्हणूनच मे महिन्यात बर्फाचे चार चुकार कण दिसण्याचे प्रसंग अनेक, पण साचण्याचे फार थोडे. महाराष्ट्रातल्या वाचकाला फेब्रुवारी-मार्च २०१४ ची विदर्भ-मराठवाड्यातली गारपीट आठवत असेल. तेव्हाही शिवारे पांढरी झाली होती. पण ती प्रक्रिया वेगळी. गार उंच गडगडाटी ढगातल्या जोरकस ऊर्ध्व प्रवाहात थरावर थर चढवत वाढते आणि उबदार हवेतूनही न वितळता खाली आदळते. हिमाला तसा वेग नसतो. सेकंदाला मीटर-दीड मीटर इतक्या संथपणे ते उतरते, त्यामुळे वाटेतली हवा शून्याजवळ आल्याशिवाय ते जमिनीवर पोचूच शकत नाही.

आता डोंगराची बाजू. वर जावे तसे तापमान दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंशांनी घटते. म्हणजे ३०० मीटरची टेकडी समुद्रकाठापेक्षा साधारण दोन अंशांनी थंड असते. जानेवारीत उणे आठ आणि उणे दहा यांत फरक पडत नाही. दोन्हीकडे बर्फच पडतो. मे महिन्यात मात्र अधिक दोन आणि शून्य यांत पाऊस आणि बर्फ एवढा फरक आहे. शिवाय उताराला धडकलेला वारा वर चढतो, प्रसरण पावून आणखी थंड होतो आणि त्याच जागी जास्त वर्षाव करतो. म्हणून या वादळांचा नकाशा विलक्षण दिसतो. हिवाळी वादळात बर्फाची जाडी शंभर-दोनशे किलोमीटरवर हळूहळू बदलते, इथे ती एका घाटरस्त्यात बदलते. खाली गवत हिरवेगार आणि ओले, वर चार वळणांनंतर फावड्याचे काम.

९ आणि १० मे १९७७ चे वादळ हा या प्रकाराचा नमुना मानला जातो. ९ मे हा सोमवार. वरच्या थरातले थंड केंद्र ईशान्य अमेरिकेवर आणि किनाऱ्याजवळ बळावत गेलेला कमी दाब, ही जोडी तेव्हा जुळली होती. बोस्टनच्या विमानतळावर, समुद्राला लागून, अर्धा इंच बर्फ मोजला गेला. तिथून पश्चिमेला सत्तरेक किलोमीटरवरच्या वूस्टरला १२.७ इंच, म्हणजे ३२ सेंटीमीटर. कनेटिकटमध्ये तफावत याहून मोठी होती. हार्टफर्डजवळचा ब्रॅडली विमानतळ नदीच्या सखल खोऱ्यात, पन्नासेक मीटर उंचीवर आहे; तिथे १.३ इंच. त्याच्या पश्चिमेला पाऊणशे किलोमीटरही नसलेले नॉरफोक हे गाव बर्कशायर डोंगरांच्या दक्षिण टोकाला ४०० मीटरच्या आसपास वसले आहे. तिथे सुमारे २० इंच. नॉरफोकला राज्यात ‘कनेटिकटची बर्फपेटी’ म्हणतातच. त्या दिवशी ते नाव सार्थ झाले.

या यादीतला प्रॉव्हिडन्सचा आकडा मात्र खटकतो. ऱ्होड आयलंडची ही राजधानी समुद्रसपाटीला आहे, तरी तिथे ७ इंच बर्फ पडला. नुसत्या उंचीच्या हिशेबाने प्रॉव्हिडन्सला बोस्टनइतकाच बर्फ मिळायला हवा होता. पण उंची हा एकच घटक नव्हे. जिथे जोराचा वर्षाव बराच काळ टिकतो तिथे वितळण्याने होणारा गारवा उंचीची उणीव भरून काढतो, आणि बोस्टनवर तर शून्याच्या बऱ्याच वर असलेल्या समुद्राची हवा थेट येऊ शकते. डोंगर हा थंडीचा आगाऊ मिळालेला हप्ता; उरलेली रक्कम वर्षावाला भरावी लागते. सखल भागात ती सगळीच त्याला भरावी लागते, आणि तसे क्वचितच घडते.

पडलेला बर्फ साचतो का, हा पुढचा प्रश्न. ९ मे रोजी बोस्टनच्या अक्षांशावर दुपारचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ६५ अंश वर असतो, म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीला असतो तेवढाच. ढगांतूनही त्याची बरीच ऊर्जा जमिनीवर पोचते. जमीन आणि डांबर आधीच तापलेले असते. म्हणून दिवसा पडलेल्या बर्फातला बराचसा भाग खालून वितळत जातो, आणि तासाला इंचभर या वेगाने पडला तरच वाढ दिसते. रात्री हिशेब बदलतो. गवतावर आणि झुडपांवर बर्फ आधी धरतो, कारण पात्यांमध्ये हवा असते आणि जमिनीची ऊब तिथवर पोचत नाही. रस्ता अनेकदा शेवटपर्यंत काळाच राहतो. एकाच अंगणात गवतावर चार इंच आणि पायवाटेवर नुसता चिखल, हे अशा वादळाचे नेहमीचे दृश्य.

मग ‘पडला किती’ या प्रश्नाचे उत्तर कोणते धरायचे? अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेचे निरीक्षक यासाठी पांढरा रंग दिलेली प्लायवुडची फळी वापरतात. पांढरा रंग अशासाठी की फळीने ऊन शोषून घेऊ नये. फळी उघड्यावर, झाडा-भिंतीपासून दूर, जमिनीशी समतल ठेवतात. पट्टी उभी धरून बर्फाची जाडी एक दशांश इंचापर्यंत वाचतात, फळी पुसतात आणि साचलेल्या बर्फाच्या नव्या पृष्ठभागावर पुन्हा ठेवतात. हे दिवसात चारपेक्षा जास्त वेळा करायचे नाही, असा नियम आहे. कारण बर्फ स्वतःच्या वजनाने दबतो. दर तासाला फळी पुसली तर दबण्यापूर्वीचे थर एकेक करून मोजले जातात आणि बेरीज फुगते. एक दशांश इंचापेक्षा कमी असेल तर आकडा लिहीत नाहीत, नुसती ‘लेशमात्र’ अशी नोंद करतात.

हिवाळ्यात या पद्धतीत फारसे वावगे होत नाही. मे महिन्यात वेळेला महत्त्व येते. पहाटे पाचला सहा इंच असलेला बर्फ सकाळी दहाला दोन इंच उरलेला असतो. नियम असा की वितळण्यापूर्वीची सर्वाधिक जाडी धरावी, पण ती गाठायला निरीक्षक त्या वेळी फळीपाशी असायला हवा. दिवसातून एकदाच, सकाळी सातला, नोंद घेणाऱ्या स्वयंसेवी केंद्रावर संध्याकाळी पडून मध्यरात्री वितळलेला बर्फ जवळजवळ हरवतोच. त्यामुळे वसंतातल्या दोन वादळांच्या आकड्यांची तुलना जपून करावी. वितळवून मोजलेले पाणी हा जास्त भरवशाचा आकडा. विक्रमांच्या यादीत मात्र इंचांनाच मान मिळतो.

त्या पाण्यातच नुकसानीचे कारण दडलेले असते. कडाक्याच्या थंडीतल्या भुरभुरीत बर्फाचे दहा-पंधरा इंच वितळले तर एक इंच पाणी होते. शून्य अंशाजवळच्या ओल्या बर्फाचे पाच-सात इंचच तेवढे पाणी देतात. ३० सेंटीमीटर ओला बर्फ एका चौरस मीटरवर ५० ते ६० किलो वजन टाकतो. हिवाळ्यातल्या उघड्या फांदीवर बर्फाला धरायला फारशी जागा नसते. पालवी फुटल्यावर प्रत्येक पान एक छोटी ताटली होते. बर्च कमानीसारखे वाकतात, मेपलच्या फांद्या खोडाशी फाटतात, आणि त्या ज्या तारांवर पडतात त्यांवरही चिकट बर्फ चढलेला असतोच. १९७७ च्या वादळात मॅसॅच्युसेट्स आणि ऱ्होड आयलंडमध्ये मिळून सुमारे पाच लाख लोकांची वीज गेली. हाच अनुभव उलट टोकाला, पानगळ पूर्ण होण्याआधी आलेल्या २९ ऑक्टोबर २०११ च्या वादळात आला. बर्कशायरमधल्या पेरू या गावी ३२ इंच बर्फ पडला आणि ईशान्येत ३० लाखांहून अधिक वीजग्राहक अंधारात गेले, काही ठिकाणी आठवड्याहून जास्त काळ. जानेवारीत हाच बर्फ पडला असता तर शाळांना सुटी मिळून प्रकरण संपले असते.

सफरचंदाच्या बहराची गोष्ट जरा वेगळी आहे, आणि लोकांच्या समजुतीच्या उलट. फुले पूर्ण उमललेली असताना उणे २.२ अंशांना साधारण एक दशांश फुले मरतात, उणे ३.९ अंशांना दहातली नऊ. ओला बर्फ पडत असताना हवा शून्याच्या आसपास अडकून राहते, त्यामुळे फांद्या मोडल्या तरी फुलांचा गर्भ बऱ्याचदा वाचतो. खरा धोका वादळ सरकल्यावरच्या रात्री असतो. आकाश निरभ्र होते, वारा पडतो, जमीन आपली उष्णता अवकाशात टाकून देते आणि खोऱ्यात पारा झरझर उतरतो. १८ मे २०२३ च्या पहाटे व्हरमाँट, न्यू यॉर्क आणि शेजारच्या राज्यांत सफरचंदाच्या व द्राक्षांच्या बागांचे जबर नुकसान झाले. त्यात हिमवादळाचा हात नव्हता, नुसत्या कोरड्या थंडीचा होता. डोंगरउतारावरच्या बागा अशा वेळी तरतात, कारण जड थंड हवा घरंगळत खोऱ्यात जाऊन बसते. ज्या उंचीमुळे त्या बागांवर बर्फ जास्त पडतो, तीच उंची त्यांना अशा कोरड्या थंडीच्या रात्री वाचवते.

बर्फाचा फटका पक्ष्यांनाही बसतो. दक्षिणेकडून नुकत्याच परतलेल्या पाकोळ्या उडते कीटक खाऊन जगतात. दोन-तीन दिवस हवेत कीटकच नसले तर त्यांची उपासमार होते.

नोंदवलेल्या इतिहासातले सर्वांत बदनाम उदाहरण १८१६ चे. एप्रिल १८१५ मध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड उद्रेक झाला आणि वातावरणात उंच गेलेल्या गंधकाच्या सूक्ष्म कणांनी पुढच्या वर्षी उत्तर गोलार्धात ऊन मंद केले. ६ ते ८ जून १८१६ या दिवसांत न्यू इंग्लंडच्या डोंगरांत बर्फ पडला. कनेटिकटमधला घड्याळे बनवणारा कारागीर चॉन्सी जेरोम याने १८६० मध्ये छापलेल्या आठवणींत, ७ जूनला आपण जाड लोकरी कपड्यांवर ओव्हरकोट चढवून कामाला निघालो होतो, असे लिहून ठेवले आहे. मात्र या वर्षाच्या दाखल्यावरून उशिराचा प्रत्येक बर्फ ज्वालामुखीच्या किंवा अशाच एखाद्या जागतिक कारणाच्या माथी मारणे चूक ठरेल. १९७७ ला तशा कारणाची गरज लागली नाही. योग्य जागी रेंगाळलेला एक कट-ऑफ लो पुरला.

दक्षिणेकडे, ॲपलेशियन पर्वतरांगेच्या नॉर्थ कॅरोलायनातल्या भागात, मे १९९२ मध्ये असेच रेंगाळलेले केंद्र होते आणि माउंट पिस्गा येथे ६० इंच बर्फाची नोंद आहे. त्या अक्षांशाला, ३५ अंशांवर, हा आकडा अचाट वाटतो. पण तीन-चार दिवस उताराला धडकत राहिलेल्या ओल्या वाऱ्याचा तो परिणाम होता. १८ मे २००२ रोजी न्यू यॉर्क राज्याची राजधानी ऑल्बनी येथे २.२ इंच बर्फ साचला. २५ व २६ मे २०१३ ला, म्हणजे अमेरिकेत उन्हाळ्याची सुरुवात मानल्या जाणाऱ्या मेमोरियल डेच्या सुटीत, न्यू यॉर्कच्या ॲडिरॉन्डॅक डोंगरांतल्या १,४८३ मीटर उंचीच्या व्हाइटफेस शिखरावर सुमारे तीन फूट आणि माउंट मॅन्सफील्डवर फूटभर बर्फ पडला. त्याच वेळी खालच्या शॅम्प्लेन सरोवराच्या काठी पावसाळी गारठ्यापलीकडे काही नव्हते.

अशा वादळाचा अंदाज वर्तवणे आजही कठीण आहे, कारण एका अंशाची चूक सगळे भाकीत उलटवते. तरी साधने सुधारली आहेत. वितळू लागलेला, पाण्याने माखलेला हिमकण रडारवर नेहमीपेक्षा ठळक दिसतो, त्यामुळे वितळण्याचा थर पडद्यावर चकाकत्या कड्यासारखा उमटतो. कडे आक्रसू लागले म्हणजे शून्य अंशांचा पट्टा खाली येत आहे. अमेरिकेतल्या रडारांचे २०१३ पर्यंत नूतनीकरण झाल्यावर पाऊस आणि ओला बर्फ वेगळे ओळखणेही सोपे झाले. डोंगराळ भागासाठीचे इशारे आता बऱ्याचदा उंची सांगून दिले जातात: अमुक फुटांच्या वर इतके इंच, खाली पाऊस.

हवामान तापत असताना असे हिमपात थांबतील असे समजण्याचे कारण नाही. ते आणखी विरळ होऊ शकतात. पण वसंत लवकर येऊ लागल्यामुळे पालवी आणि बहरही लवकर येतात, आणि उशिराचा बर्फ किंवा कडक थंडी आली तर ती जास्त कोवळ्या झाडांवर येते. ९ मे २०२० रोजी ध्रुवाकडून खाली घसरलेल्या थंड हवेने न्यू इंग्लंडच्या उत्तरेकडच्या डोंगरांत काही इंच बर्फ टाकला. बोस्टनला तो लेशमात्र होता, त्यामुळे १९७७ चा अर्धा इंच हीच त्या शहरातली वर्षातली सर्वांत उशिराची मोजता येण्याजोगी नोंद राहिली. न्यू यॉर्क शहरातल्या सेंट्रल पार्कमध्येही त्या दिवशी लेशमात्र बर्फ नोंदला गेला. तिथल्या नोंदवहीतली याआधीची सर्वांत उशिराची तारीखही ९ मे हीच होती, सन १९७७.